ताईला आधी कळायचं

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी आणि ताई यवतमाळात एका खोलीत राहत होतो. खोली वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून होती. खाली घरमालकीण काकू राहायच्या. आमचं गाव राळेगाव तालुक्यातलं. तिथे बाबांची पिठाची चक्की होती आणि आई हंगामात कापूस वेचायला जायची. मी मायक्रोबायोलॉजी शिकत होते. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती एका दुकानात ब्लाउज शिवायची. दोघींनी एकत्र राहायचं हे आईने ठरवलं होतं. माझ्या जेवणाचे हाल होऊ नयेत, असं ती लोकांना सांगायची. खरं कारण आम्हा दोघींना माहीत होतं. ताईला सिकलसेल होता आणि तिला एकटं राहू द्यायचं नव्हतं.

लहानपणी तिचे सांधे दुखले की घरात त्याला वात म्हणत. तेल लावत, शेक देत. मग एकदा गावच्या विहारात रक्त तपासायचं शिबिर झालं. आई, बाबा आणि मी वाहक निघालो, म्हणजे आजार आमच्या रक्तात आहे पण आम्हाला त्रास नाही. ताईच्या वाट्याला दोन्हीकडून आला. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं. रक्तातली गोल पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारखी वाकते, बारीक नसेत अडकते, तिच्या मागे दुसरी अडकते, आणि पुढचं मांस, पुढचं हाड रक्तावाचून राहतं. बाबा ते चित्र बराच वेळ पाहत बसले होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "मंग हे सरळ होत नाई का?"

ताईची एक गोष्ट मात्र शिबिरात मिळालेल्या तिच्या कार्डावर लिहिलेली नव्हती. दुखणं येणार हे तिला आधी कळायचं. कधी एक दिवस, कधी दोन दिवस. तिला चहाचा वास नकोसा व्हायचा, टाचा गार पडायच्या, आवाज बारीक व्हायचा. "हाडात मुंग्या चालून राह्यल्या," असं ती म्हणायची. पण दुखणं म्हणून काही दाखवता यायचं नाही, ताप नाही, सूज नाही. त्यामुळे सुरुवातीला कोणी विश्वास ठेवला नाही. घाटंजीला एक लग्न होतं, त्या सकाळी ती म्हणाली, "मी नाई येत." मावशीने तिला नखरे म्हणून झापलं आणि जीपमध्ये बसवलं. दुपारी अक्षता पडत होत्या तेव्हा ताई मांडवामागे जनरेटरशेजारी मातीवर पडून ओरडत होती आणि जनरेटरच्या आवाजात ते कोणालाच ऐकू येत नव्हतं. मीच तिला शोधलं. मी नऊ वर्षांची होते.

त्यानंतर घरात नियम झाला. ताईने "येऊन राह्यलं" म्हटलं की सगळं थांबायचं. बाबा दळण अर्धं टाकून चक्की बंद करायचे. आई शेतात गेली असेल तर निरोप जायचा. ताईला पांघरुणात घ्यायचं, तांब्यामागून तांब्या पाणी पाजायचं. लवकर सुरुवात केली तर कधी कधी दुखणं अंगावर न येताच निघून जायचं.

कॉलेजात माझ्या प्रोजेक्टचा विषय सरांनी दिला: हवा कमी पडली तर यीस्टची पेशी काय करते. सर आर्णीकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "हवा कमी झाल्याचं तिला कळत कसं असेल?"

मी म्हटलं, "ऑक्सिजन मोजत असेल, सर."

"कायनं मोजते? तिच्यापाशी काय मीटर हाये?" सर खुशीत आले की असे घरच्या बोलीवर यायचे. मग त्यांनी फळ्यावर लिहून समजावलं. पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल नावाचा मेणासारखा पदार्थ लागतो आणि तो बनवायला ऑक्सिजन लागतो. हीम नावाचा पदार्थही तसाच. हवा उणी झाली की हे दोन्ही बनणं मंदावतं. पेशीतली काही प्रथिनं त्यांच्या साठ्यावरच नजर ठेवून असतात. साठा उतरला की ती केंद्रकात जातात आणि तिथून सगळा कारभार बदलतो. श्वसनाचं काम आवरतं घ्यायचं, साखर आंबवून भागवायचं, बाहेर कुठे एर्गोस्टेरॉल सापडलं तर आत ओढून घ्यायचं, अंगावरचं आवरणसुद्धा बदलायचं.

"ती हवा नाही पाहत," सर म्हणाले, "घरात काय सरत चाललं ते पाहते. पण हे सगळं थोडी हवा शिल्लक आहे तोवरच. एकदम संपली तर तिलाही फार काही करता येत नाही."

प्रयोग त्यावरच होता, आणि त्यासाठी सरांनी हवेवाचून सहज न तगणारी यीस्टची एक जात निवडली होती. काही बाटल्यांत हवा हळूहळू कमी होऊ द्यायची. काहींत वरून पातळ पॅराफिनचा थर ओतून ती एकदम तोडायची. मग दर दोन तासांनी थेंब काढून निळा रंग मिसळायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. जिवंत पेशी रंग आत टिकू देत नाही, मेलेली निळी होते. मोजायला चौकटी आखलेली काच वापरत. ती मुळात रक्तपेशी मोजण्यासाठी बनवलेली असते. हे मला प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने सांगितलं आणि त्या दिवशी मी ती काच दोनदा धुतली. का धुतली ते मला सांगता आलं नसतं.

मी हे सगळं ताईला सांगायचे. ती काजं करता करता ऐकायची. एकदा दोरा तोडून म्हणाली, "म्हंजे तिचं कोनीतरी ऐकते."

"कोणाचं?"

"त्या तुह्या यीस्टचं. आतल्या आत निरोप गेला का काम सुरू. मधात कोनी म्हनत नाई का नाटक करून राह्यली म्हनून."

मी हसले. तीही हसली.

डिसेंबरात थंडी वाढली. लग्नसराईचे ब्लाउज ताई खोलीवर आणून शिवायची, फरशीवर बसून. त्या आठवड्यात नळ आला नव्हता. काकूंच्या बोअरचं पाणी आम्ही बादलीने वर न्यायचो आणि जिना अरुंद, उंच. ताई पाणी पुरवून वापरायची. म्हणजे ती पीत कमी होती. ते मी पाहत होते. तिने सकाळचा चहा सोडला होता, तेही पाहिलं. "चहा उष्ण पडून राह्यला पोटाले," असं ती म्हणाली आणि मी ते मान्य केलं. शेवटचा मोठा प्रयोग शुक्रवारी लावायचा होता आणि माझं सगळं लक्ष तिकडे होतं.

शिवाय आमच्याकडे तो बोटाला लावायचा चिमटा होता. कोरोनात बाबांसाठी घेतलेला, ऑक्सिजन दाखवणारा. रोज सकाळी मी तो ताईच्या बोटाला लावायचे. तिचा आकडा नव्वदच्या आसपास असायचा. हिचा एवढाच राहील, याच्या खाली उतरला तर लगेच या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यामुळे नव्वद दिसलं की माझा दिवस मोकळा व्हायचा. हळूहळू मी तिच्या तोंडाकडे पाहायच्या आधी त्या आकड्याकडे पाहायला लागले होते.

शुक्रवारी सकाळी मी डबा भरत होते. ताई अंथरुणावर भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "आज नको जाऊ."

"काहून? दुखून राह्यलं का?"

"नाई. अजून नाई."

माझे हात थांबले. घरचा नियम मला माहीत होता. पण आठ वाजता पहिलं मोजमाप होतं, मग दहा, बारा, दोन, चार, सहा. एक चुकलं तर सहा आठवड्यांचं काम वाया जाणार होतं. मी चिमटा आणून तिच्या बोटाला लावला. नव्वद.

"पाह्य. नव्वदच हाये, रोजच्यासारखं."

"आकड्याले काय कळते," ती म्हणाली.

"ताई, सहापर्यंत येतो मी. एकच दिवस. मंग दोन दिवस कुठीच जात नाही. काकूले सांगून जातो, काही वाटलं तर आवाज दे."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. "जा मंग," एवढंच म्हणाली आणि शालीत हात घेतले.

खाली काकूंचं दार लोटलेलं होतं, आतून पूजेची घंटी ऐकू येत होती. मी क्षणभर उभी राहिले. उशीर होत होता. वाटेतून फोन करू असं ठरवून निघाले, आणि केला नाही.

आठ वाजता सगळ्या बाटल्या सारख्या होत्या. दहालाही फारसा फरक नव्हता. फोन बाहेर बॅगेत ठेवायचा, हा आमच्या प्रयोगशाळेचा नियम होता. बाराला पॅराफिनच्या बाटल्यांत निळे ठिपके दिसू लागले. दोनला मी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि थबकले. सगळ्या चौकटी निळ्या झाल्या होत्या. एकमेकींना चिकटून, गोळे करून. हळूहळू हवा कमी केलेल्या बाटल्यांत मात्र पेशी स्वच्छ होत्या, काहींना कोंबही फुटले होते. जे सिद्ध करायचं होतं ते समोर होतं. मला फार आनंद झाला. मी सरांना बोलावलं.

सर वाकून पाहत राहिले. मी विचारलं, "सर, आता यांना हवा दिली तर?"

"निळ्या झाल्या त्या परत येत नाहीत," ते डोळा न काढता म्हणाले.

त्याच वेळी ताई लाकडी गजपट्टीने फरशी ठोकत होती. काकूंनी हे मला नंतर सांगितलं. त्यांना वाटलं, ती कापड कापतेय. वर रोजच काही ना काही आवाज असायचा. ठोकणं थांबलं तेव्हाही त्यांना काही वाटलं नाही. वाळत घातलेले कपडे काढायला त्या गच्चीवर गेल्या तेव्हा त्यांना उघड्या दारातून ती दिसली.

चारच्या मोजमापाआधी मी पाणी प्यायला बाहेर आले आणि फोन पाहिला. अकराला ताईचा एक फोन. साडेअकराला आणखी एक. मग मध्ये काही नाही. आणि शेवटच्या वीस मिनिटांत काकूंचे सात.

ऑटोतून घरी पोचेपर्यंतचं मला नीट आठवत नाही. खोलीत काकू तिला छातीशी धरून बसल्या होत्या. ताईचे ओठ राखेसारखे झाले होते. श्वास इतका वरचा वर की शालही हलत नव्हती. मी सवयीने चिमटा लावला. चौऱ्याहत्तर.

"आली?" ती म्हणाली. पुढचा शब्द येईना.

जिन्यावरून तिला उचलून नेता येईना म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. खुर्चीची पाठ मी धरली, पुढचे पाय काकूंच्या यजमानांनी. प्रत्येक पायरीला तिचं डोकं माझ्या मनगटावर आपटत होतं आणि ती ओरडत नव्हती. घाटंजीच्या मांडवामागे ती ओरडली होती. हे त्याहून वाईट आहे, ते मला तिथेच समजलं.

सरकारी दवाखान्यात लगेच ऑक्सिजन लावला, सलाइन लावलं. एक्स-रे पाहून डॉक्टर मॅडमनी सांगितलं की विळ्यासारख्या पेशी छातीतच अडकल्या आहेत, दोन्ही बाजूंना पांढरं दिसतंय. मग माझ्याकडे वळून विचारलं, "केव्हापासून आहे हे?"

"आज दुपारपासून," मी म्हटलं.

मास्कमागून ताईने हात उचलला. दोन बोटं दाखवली. मॅडमनी विचारलं, "दोन तास?" तिने मानेनेच नाही म्हटलं. "दोन दिवस?" तिने डोळे मिटले.

म्हणजे बुधवारपासून तिला कळत होतं. माझा प्रयोग पार पडावा म्हणून तिने बुधवार, गुरुवार गिळले होते, आणि शुक्रवारी जमेना तेव्हा तोंड उघडलं होतं.

रक्त लागणार होतं. मी बाही वर केली. मॅडमनी विचारलं, "तुमची तपासणी झाली आहे?" मी वाहक आहे म्हटल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "मग तुमचं नको." संध्याकाळी बाबा एस.टी.ने पोचले. चक्कीवरून तसेच निघाले होते, भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर पीठ होतं. त्यांचंही नको होतं. मागून आई आली, तिचंही. घरातलं कोणाचंच रक्त तिच्या उपयोगाचं नव्हतं. बाबा व्हरांड्यात उभ्या उभ्या आपल्याच मनगटाकडे पाहत होते.

काकूंनी कोणाला काय सांगितलं माहीत नाही, पण साडेसहा-सातच्या सुमाराला सर आले. त्यांचं रक्त चाललं. रक्त देऊन ते माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले, कोपरात कापूस धरून. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "सर, प्रयोग गेला."

"नाही गेला," ते म्हणाले. "चारचं आणि सहाचं मी मोजलं. वही टेबलावरच होती तुझी."

मग त्यांनी विचारलं, "सकाळीच सांगितलं असतंस तर सगळंच मोजलं असतं मी. काहून नाही सांगितलं?"

सकाळी सरांना एक फोन करावा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तीन दिवस मॅडम "बघू या" म्हणत होत्या. चौथ्या दिवशी ताप उतरला. ताई वाचली. मी तिच्या पायाशी बसून माफी मागायला सुरुवात केली तेव्हा तिने मला मधेच थांबवलं. म्हणाली, "जाऊ दे. केस विंचरून दे." मी विंचरले. गुंता इतका झाला होता की शेवटी कात्री मागवावी लागली.

पण त्या दिवसाने तिच्या आतून काय काय नेलं, ते हळूहळू बाहेर आलं. दोन महिन्यांनी डावा पाय टाकताना ती कमरेत वाकू लागली. खुब्याच्या हाडाच्या गोळ्याला रक्त मिळालं नव्हतं आणि तो मरत चालला होता. शहरातलं दुकान सुटलं. बाबांनी तिला गावी नेलं आणि शिलाई मशीनला मोटर बसवून दिली, कारण पायाने मशीन चालवणं होईना. माझ्या प्रोजेक्टला चांगले मार्क मिळाले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोनच्या मोजमापाचा फोटो उचलून धरला आणि म्हणाले, "फार सुंदर निकाल आहे."

आता मी आर्णीला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. शनिवारी दुपारी बसने घरी जाते. घरी सगळं वरवर पहिल्यासारखं आहे. एक गोष्ट बदलली, ती आधी आईच्या ध्यानात आली.

"पहिले सांगत होती," आई एकदा चुलीपाशी हळू आवाजात म्हणाली. "आता नाई सांगत. एकदम पडते."

त्यानंतर दोनदा दुखणं आलं आणि दोन्ही वेळा घरात कोणाला काहीच कळलं नव्हतं. मला वाटलं, त्या शुक्रवारी तिचं ते कळणंही गेलं असेल. म्हणून एका रविवारी मी तिला सरळच विचारलं. ती शाळेच्या गणवेशांच्या चड्ड्या शिवत होती.

"ताई, आता तुले आधी कळत नाही का?"

तिने मशीन थांबवलं. "कळते नं."

"मग सांगत काहून नाहीस?"

ती सुईखालचं कापड सरळ करत राहिली. मग म्हणाली, "सांगतलं का बाबा चक्की बंद करतीन. तू कॉलेज सोडून येशीन. एकदा येशीन, दहादा येशीन. मंग एखाद्या दिवशी तुले नाई जमनार. मी आतून सांगत राहीन अन् कोनी नाई येनार. ते लय जड जाते बाई. दुखन्यापेक्षा जड. त्याच्यापेक्षा नाई सांगतलेलं बरं."

"मी येईन," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

तेव्हापासून मी तिच्याकडे पाहायला शिकते आहे. चहा पूर्ण प्याली का. टाचांवर ऊन घेते का. आवाज बारीक झालाय, की मलाच तसं वाटतंय. पण ती हुशार आहे. चहा घेते आणि तुळशीत ओतून येते, हे मला आईकडून कळलं. मी पाहते आहे हे तिला ठाऊक आहे, आणि ती मला काही दिसू देत नाही.

मागच्या आठवड्यात थंडीला सुरुवात झाली. रविवारी भर दुपारी ताई अंगणात स्वेटर घालून बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "थंडीच हाये नं." सोमवारी मी रजा टाकली. काही झालं नाही. मंगळवारीही नाही. ती जेवली, बोलली, शेजारणीच्या पोरीला माप घेऊन फ्रॉक बेतून दिला. मंगळवारी संध्याकाळी तिनेच माझी बॅग आणून माझ्यापुढे ठेवली.

बुधवारी सकाळी मी निघाले. फाट्यावर बसला वेळ होता. मी दोनदा घरी फोन लावला. दोन्ही वेळा आईने उचलला आणि दोन्ही वेळा सांगितलं की ताई आतल्या खोलीत शिवून राह्यली, तू जा बिनघोर. मी फोन कानाला घट्ट धरून ऐकत होते. मशीनचा आवाज येत नव्हता. तेवढ्यात बस आली. कंडक्टरने दार उघडलं आणि मला विचारलं, येता का नाही.